अमेरिकेचं सरकार इमिग्रेशनचे खटले लढतं, तेव्हा फाइल कोण सांभाळतं?

२०२५ च्या एप्रिलमध्ये, ज्यांची मुलं अमेरिकेत शिकताहेत अशा पुण्यातल्या घरांमध्ये ‘सेविस’ हा शब्द अचानक रोजच्या बोलण्यात आला. सेविस म्हणजे तिथल्या सरकारकडची परदेशी विद्यार्थ्यांची संगणकीय नोंदवही. तिच्यातल्या चार हजारांहून अधिक नोंदी रद्द झाल्या आणि त्यांत भारतीय मुलं बरीच होती. पोलिसांच्या माहितीसाठ्यात नाव सापडलं की नोंद रद्द, मग ते प्रकरण किरकोळ असो की कधीच बंद झालेलं. मुलं ठिकठिकाणच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांत गेली, न्यायाधीशांनी तात्पुरते मनाई हुकूम दिले आणि २५ एप्रिलला सरकारी वकिलांनी कोर्टात सांगून टाकलं की नोंदी पूर्ववत करत आहोत.

त्या दिवसांत ‘सरकारने कोर्टात सांगितलं’ हे वाक्य रोज छापून येत होतं. पण सरकार कोर्टात सांगतं म्हणजे कोण सांगतं? कशाच्या आधारावर? वकील उभा राहून बोलतो हे दिसतं. त्याच्या हातातला कागद कुठून आला, तो कुणी शोधला, कुणी तपासला, हे दिसत नाही. ते काम ज्याच्याकडे असतं त्याला पॅरालीगल म्हणतात. त्याचं काम समजून घेतलं की ही सगळी यंत्रणा कागदावर किती चालते ते लक्षात येतं, आणि आपण आपले कागद किती निष्काळजीपणे पाठवतो तेही.

इमिग्रेशन कोर्ट हे तसं कोर्ट नाही

पहिला घोळ इथेच होतो. एखाद्याला अमेरिकेतून बाहेर काढायचं असेल, तर सरकार त्याला ‘हजर व्हा’ अशी नोटीस देतं आणि प्रकरण इमिग्रेशन कोर्टात जातं. हे कोर्ट न्यायपालिकेचा भाग नाही. ते न्याय खात्याच्या इऑइर नावाच्या कार्यालयाखाली चालतं आणि तिथल्या न्यायाधीशांची नेमणूक ॲटर्नी जनरल, म्हणजे त्याच खात्याचा प्रमुख, करतो.

जमिनीच्या फेरफाराचा वाद ज्यांनी पाहिलाय त्यांना हे चटकन कळेल. मंडल अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली, ती पटली नाही म्हणून तुम्ही प्रांतांकडे अपील केलं. प्रांत तारखा देतात, दोन्ही बाजू ऐकतात, निकाल देतात, सगळं कोर्टासारखंच. पण प्रांत हे महसूल खात्याचे अधिकारी. खऱ्या न्यायाधीशापुढे जायचं तर वरच्या पायऱ्या चढून उच्च न्यायालयात रिट करावी लागते, आणि तिथे बहुतेक वेळा खालच्या फाइलमध्ये जे आहे तेवढंच बघितलं जातं. अमेरिकेतही तसंच आहे. इमिग्रेशन न्यायाधीशाच्या वर त्याच खात्यातलं अपील मंडळ, आणि मंडळाने नाही म्हटलं की मग फेडरल अपील कोर्ट. हे अपील कोर्ट नवा पुरावा घेत नाही. कायद्यातच लिहिलंय की निर्णय खालच्या रेकॉर्डवरूनच करायचा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार जणांना माहीत नसते. ही कारवाई फौजदारी नाही, दिवाणी आहे. त्यामुळे सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. कायद्याचे शब्द असे की वकील करण्याचा हक्क आहे, पण ‘सरकारला खर्च न पडता’. आणि या कोर्टांपुढे पडून असलेली प्रकरणं ३० लाखांवर गेलेली आहेत.

सरकारतर्फे उभं कोण राहतं

हे थोडक्यात. इमिग्रेशन कोर्टात होमलँड सिक्युरिटी, म्हणजे अंतर्गत सुरक्षा, खात्यातल्या हद्दपारीची कारवाई करणाऱ्या आइस या विभागाचे वकील. अपील कोर्टात न्याय खात्याचं ‘ऑफिस ऑफ इमिग्रेशन लिटिगेशन’, ज्याला तिथे नुसतं ‘ऑइल’ म्हणतात. ऑइल आणि इऑइर दोन्ही १९८३ सालची. जिल्हा पातळीवरच्या फेडरल कोर्टांत ऑइल आणि स्थानिक सरकारी वकील असे दोघेही कामं वाटून घेतात. ग्रीन कार्डचा अर्ज वर्षानुवर्षं हलत नाही म्हणून केलेला दावा असो, अटकेत ठेवलंय म्हणून केलेली हेबियस याचिका असो, किंवा सेविससारखं धोरणच चुकीचं आहे असं म्हणणारा खटला असो, हे सगळं तिथे येतं.

मग पॅरालीगल म्हणजे वकिलाचा कारकून का?

थोडाफार, पण पूर्ण नाही. शिवाजीनगर कोर्टात सकाळी गेलात तर वकिलांचे कारकून दिसतात. बोर्ड बघणं, वकालतनाम्याला तिकीट लावणं, नकलेचा अर्ज टाकणं, शिरस्तेदाराशी दोन शब्द बोलून पुढची तारीख लिहून घेणं ही त्यांची कामं. अनुभवी कारकुनाला नव्या वकिलापेक्षा जास्त कळतं हे कोर्टात सगळे मान्य करतात, फक्त मोठ्याने कुणी म्हणत नाही. अमेरिकी पॅरालीगल हे सगळं करतो आणि शिवाय मजकुराच्या आतही शिरतो. रेकॉर्ड वाचून घटनांची तारीखवार यादी करतो, वकिलाच्या मसुद्यातला प्रत्येक संदर्भ तपासतो, साध्या अर्जांचे मसुदे लिहितो. सरकारी पदांच्या यादीत त्याला ‘पॅरालीगल स्पेशालिस्ट’ म्हणतात, पदक्रमांक ०९५०.

दोन गोष्टी त्याला करता येत नाहीत: कायदेशीर सल्ला देणं आणि कोर्टात जाणाऱ्या अर्जावर वकील म्हणून सही करणं. त्याच्या कामाची जबाबदारी त्याच्यावरच्या वकिलाची.

दिवस जातो कशात

सगळ्यात आधी तारखा. अपील मंडळाने निकाल दिला की फेडरल कोर्टात जायला ३० दिवस मिळतात. याचिका दाखल झाली की पॅरालीगलचं पहिलं काम म्हणजे दिवस मोजणं. निकालाची तारीख कोणती, याचिका कोर्टात पोहोचली कधी, मधे सुट्टी होती का. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जून २०२५ मध्ये, रायली नावाच्या प्रकरणात, ही ३० दिवसांची मुदत कडक असली तरी ती कोर्टाच्या अधिकारक्षेत्राचा प्रश्न नाही असा निकाल दिला. म्हणजे काय, तर मुदत उलटली असेल तर ते सरकारने वेळेवर दाखवून द्यायला हवं. सरकार गप्प बसलं तर मुद्दा हातचा जाऊ शकतो. ज्याने दिवस मोजायचे त्याच्यावर याचा केवढा भार येतो बघा.

मुदत सरकारलाही सोडत नाही, याचं शंभर वर्षांपूर्वीचं एक उदाहरण आहे. सखाराम गणेश पंडित हे कॅलिफोर्नियात वकिली करायचे, १९१४ साली त्यांना अमेरिकी नागरिकत्व मिळालेलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीय माणूस तिथल्या कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंद यांच्या वकिलांत पंडितही होते. निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली आणि पंडितांवरही दावा लावला. पंडित जिंकले. १९२६ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की हा वाद १९१४ सालीच झाला होता, सरकारने तेव्हा हरकत घेतली होती, निकाल विरोधात गेला तरी अपील केलं नाही, आता तोच वाद पुन्हा उकरता येणार नाही. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही प्रकरण ऐकायला नकार दिला आणि बाकीच्या भारतीयांवरची कारवाई सरकारने सोडून दिली. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी न केलेलं एक अपील, आणि त्याची किंमत सरकारने अशी मोजली.

तारखांनंतर रेकॉर्ड. रेकॉर्ड म्हणजे खालच्या कोर्टात जे जे जमा झालं त्याचा पानांवर क्रमांक घातलेला, प्रमाणित केलेला गठ्ठा: नोटीस, अर्ज, सुनावणीचा शब्दशः उतारा, पुराव्याचे कागद, दोन्ही निकाल. तो शेकडो पानांचा असतो, कधी हजाराच्या पुढेही जातो. पॅरालीगल तो पान न पान बघतो. एखादं पान गाळलं गेलंय का, उताऱ्यात मधेच ‘ऐकू आलं नाही’ असं लिहिलंय का, एखाद्या पुराव्याची पाठची बाजू स्कॅन व्हायची राहिली का. वकिलाने लेखी युक्तिवादात लिहिलं की ‘अर्जदाराने स्वतःच कबूल केलं, पान २१४’, तर २१४ उघडून ते वाक्य तिथे आहे ना, आणि मागचापुढचा संदर्भ तोडून घेतलेलं नाही ना, हे बघायचं.

मग युक्तिवादाची बांधणी. अपील कोर्टात मुख्य लेखी युक्तिवादाला १३००० शब्दांची मर्यादा असते आणि तेवढेच आहेत असा दाखलाही जोडावा लागतो. सुरुवातीला, उल्लेख केलेल्या प्रत्येक निकालाची यादी, तो कोणकोणत्या पानावर आलाय त्यासकट. आता कल्पना करा, दाखल करायला दोन तास उरलेत आणि वकीलसाहेबांना बाराव्या पानावर एक परिच्छेद वाढवावासा वाटतो. पुढची सगळी पानं सरकतात, सगळी यादी बदलते. ती बदलणारा माणूस पॅरालीगल.

यातच अधूनमधून स्थगितीचे अर्ज येऊन पडतात. फेडरल कोर्टात याचिका केली म्हणून हद्दपारी आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. विमान उद्याचं असेल तर अर्ज आज संध्याकाळी येतो आणि सरकारला त्यावर काही तासांत म्हणणं मांडावं लागतं. त्या रात्री फाइल कुठे आहे हे माहीत असलेला माणूस सगळ्यात महत्त्वाचा.

फाइल कुठे आहे, हा खरंच प्रश्न असतो. अमेरिकेत कायम राहायला अर्ज केलेल्या, किंवा जिच्यावर हद्दपारीची कारवाई झाली अशा व्यक्तीची एक फाइल असते, तिला ‘ए-फाइल’ म्हणतात. तिचा नंबर ‘ए’ आणि पुढे सात, आठ किंवा नऊ आकडे. या फाइली १९४४ पासून ठेवल्या जातात. कागदी फाइलींचं मोठं भांडार मिझुरी राज्यात लीज समिट इथे आहे, तेही जमिनीखाली, चुनखडीच्या खाणीत. आपल्याकडे तळघरातल्या रेकॉर्ड रूमची चेष्टा होते, पण तिथे जमिनीखालची रेकॉर्ड रूम पद्धतशीरपणे केलेली आहे.

आपले कागद तिथे कसे दिसतात

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

समजा, एका मुलीचं नाव स्नेहल विजय कुलकर्णी. पासपोर्टवर आडनाव कुलकर्णी, बाकीचं नाव ‘स्नेहल विजय’. विद्यापीठाच्या पदवीवर ‘कुलकर्णी स्नेहल विजय’. लग्नानंतर नव्या पासपोर्टवर ‘स्नेहल अमित देशपांडे’. आपल्याला यात काहीच गोंधळ वाटत नाही, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव आलं एवढंच. अमेरिकी फाइल उघडणाऱ्याला मात्र एका व्यक्तीची तीन नावं दिसतात, आणि त्यांच्या आत दोन पुरुषांची नावंही. तो पॅरालीगल मराठी घरातला नसेल तर विजय कोण, अमित कोण, हे त्याला तारखा लावत शोधावं लागतं. सासरी पहिलं नावही बदललं असेल तर मग बोलायलाच नको. लग्नाचं प्रमाणपत्र आणि दोन्ही नावांची एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडलेलं असेल, तर हा सगळा व्याप दहा मिनिटांत संपतो. नसेल तर सरकारच्या युक्तिवादात ‘अर्जदाराने वेगवेगळी नावं वापरली’ असं वाक्य येऊ शकतं. ते खोटं नसतं. वाईट दिसतं.

तारखेचं तेच. ०५/०६ म्हणजे आपल्याला पाच जून, त्यांना सहा मे. इथे आपला शाळा सोडल्याचा दाखला फार कामाला येतो, कारण त्यात जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही असते. भाषांतर करणारे बरेचदा अक्षरी तारीख ‘पुन्हा तेच आहे’ म्हणून गाळतात. गाळू नका. आणि आपल्या आई-वडिलांच्या पिढीतल्या त्या प्रसिद्ध १ जूनचं काय करायचं? शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख. नवऱ्याचीही १ जून, बायकोचीही १ जून, दिराचीही १ जून. आपण हसतो. पण तीच माणसं मुलाकडे ग्रीन कार्डवर जायला निघतात तेव्हा शाळेचा दाखला एक तारीख सांगतो, कुंडली दुसरी, आणि मामांनी केलेलं प्रतिज्ञापत्र तिसरी. जुन्या जन्मनोंदींत तर बाळाच्या नावाचा रकानाच कोरा असतो. नोंदच सापडत नसेल तर महापालिकेकडून ती उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा, आणि मग सगळ्या कागदांत एकच तारीख राहील अशी काळजी घ्यायची. खरी तारीख वेगळी असेल तर ती का वेगळी आहे हे पहिल्याच अर्जात लिहून टाकायचं. पाच वर्षांनी कोर्टात लिहिलेलं स्पष्टीकरण बनावट वाटतं, पहिल्या दिवशी लिहिलेलं वाटत नाही.

भाषांतराबद्दल एक गैरसमज पुण्यात फार घट्ट आहे: स्टँप पेपर आणि नोटरीचा गोल शिक्का असला की कागद पक्का. अमेरिकी इमिग्रेशनला शिक्क्याचं अप्रूप नाही. त्यांना भाषांतरकाराचं सहीचं निवेदन लागतं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. तेवढं पुरतं. शिक्के चार आणि हे एक वाक्य नाही, असे कागद परत येतात.

पण हा माणूस शेवटी आपल्या विरुद्ध बाजूचाच ना?

हो, सरकारच्या बाजूचा. त्याच्याकडून सहानुभूतीची अपेक्षा ठेवू नये. तरी त्याच्या हातून जाणारा कागद दोन्ही बाजूंना कापू शकतो, कारण सरकारी वकिलांना कोर्टाशी खोटं बोलता येत नाही आणि रेकॉर्डमधली गैरसोयीची पानं काढूनही टाकता येत नाहीत.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर देशाचे किल्मार आब्रेगो गार्सिया यांचं प्रकरण बघा. एल साल्वाडोरला पाठवू नये असा इमिग्रेशन न्यायाधीशाचा २०१९ चा आदेश असताना मार्च २०२५ मध्ये त्यांना तिथेच पाठवलं गेलं. खटला झाला तेव्हा आइसच्या एका अधिकाऱ्याच्या डिक्लरेशनमध्येच ही ‘प्रशासकीय चूक’ असल्याचं लिहिलेलं होतं. डिक्लरेशन म्हणजे खोटं ठरल्यास शिक्षा होईल या जाणिवेने सही केलेलं लेखी निवेदन, त्याला तिथे नोटरी लागत नाही. ४ एप्रिलला ऑइलचे वकील एरेझ रुवेनी कोर्टात उभे राहिले आणि गार्सियांना पाठवायला नको होतं हे त्यांनी मान्य केलं. दुसऱ्याच दिवशी रुवेनींना रजेवर पाठवलं, पुढे नोकरीवरून काढलं. १० एप्रिलला सुप्रीम कोर्टाने परतीसाठी सरकारने पावलं उचलावीत असं म्हटलं आणि जूनमध्ये गार्सिया अमेरिकेत परत आणले गेले. प्रामाणिकपणाची किंमत काय पडू शकते हे यातून दिसतं. हेही दिसतं की सरकारची चूक सगळ्यात आधी सरकारच्याच कागदात उमटली होती.

रोजच्या प्रकरणांत इतकं नाट्य नसतं. अर्ज रखडल्याच्या दाव्यात सरकारला उत्तर द्यायला ६० दिवस असतात. त्या काळात पॅरालीगल संबंधित खात्याकडे अर्जाची स्थिती विचारतो, खातं जागं होतं, अर्जाचा निर्णय लागतो आणि दावाच उरत नाही. असे दावे बरेच होतात आणि बरेच असेच मिटतात. निर्णय तुमच्या बाजूने लागेलच असं मात्र नाही. दाव्याने फक्त ‘निर्णय द्या’ एवढंच मागता येतं.

हे सगळं आता एआय करेल ना?

पानांचे क्रमांक घालेल, उतारे शोधेल, ते आजही होतंय. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५००० डॉलर दंड झाला, कारण त्यांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टापुढे ठेवले होते. संदर्भ उघडून बघणारा एक पॅरालीगल तिथे असता तर तासाभरात उघडं पडलं असतं. माझ्या मते ही नोकरी बदलेल, पण तपासणाऱ्याची गरज वाढेल.

पुण्यात बसून हे काम करता येईल?

विधीच्या विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न येतो. सरकारी बाजूचं नाही. न्याय खात्यातल्या अशा पदांना अमेरिकी नागरिकत्व आणि कसून पार्श्वभूमी तपासणी लागते. खासगी बाजूचं येतं, अमेरिकी वकिलांच्या फर्मसाठी अर्ज आणि पुराव्याचे गठ्ठे इथे बसून तयार करणारी मंडळी आहेत. वर सांगितलेलं नावा-तारखांचं कौशल्य इथल्या माणसाला जितकं सहज येतं तितकं तिथल्याला येत नाही, हे भांडवल कमी नाही.

उलट बाजूचं कामही आपल्या गावात आहे, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. पुण्यात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी पोलीस आयुक्तालयात होते. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांना नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू आहे, १९४६ चा जुना कायदा गेला. व्हिसा वाढवून मिळाला नाही, देश सोडा अशी नोटीस आली, तर दाद मागायची उच्च न्यायालयात. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच आलं, पण त्यात पुणे नाही, म्हणून फाइल घेऊन मुंबईच गाठायची. केंद्र सरकारतर्फे तिथे जे वकील उभे राहतात त्यांच्या मागेही फाइल लावणारा कुणीतरी असतोच, फक्त आपल्याकडे त्याच्या पदाला स्वतंत्र नाव आणि प्रशिक्षण नाही.

स्वतःची फाइल बघता येते का?

येते, आणि बघावी. आपला माहिती अधिकार फक्त भारतीय नागरिकांना आहे. अमेरिकेचा १९६६ चा फोइया कायदा कुणालाही वापरता येतो, परदेशी माणसालाही. ए-फाइल हवी असेल तर इमिग्रेशन अर्ज हाताळणाऱ्या यूएससीआयएस या संस्थेकडे ऑनलाइन मागणी करायची. इमिग्रेशन कोर्टातलं रेकॉर्ड हवं असेल तर ते तिच्याकडून येत नाही, इऑइरकडे वेगळी मागणी करावी लागते. कायद्याने उत्तराला २० कामकाजाचे दिवस दिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, तेव्हा कोर्टाची तारीख पडल्यावर मागण्यापेक्षा आधीच मागवून ठेवावी. मागणीत ए-नंबर, जन्मतारीख आणि आजवर कागदांवर वापरलेलं प्रत्येक नाव लिहायचं, माहेरचंसुद्धा.